पुठ्ठ्याच्या मुलीचा पालक

तेत्सुजी मोरिवाकीचा गुन्हा एवढाच, की त्याने एका मुलीच्या नावाचा शिक्का कोरला आणि ती मुलगी मुळात जन्मालाच आलेली नव्हती.

बाकी माणूस सरळ. तोबिशिरोत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं शिक्क्यांचं दुकान आहे. आजा शिक्के कोरायचा, बाप कोरायचा, हाही कोरतो. सही काय, कोंबडी चिखलातून चालली तरी होते; माणूस खरा की खोटा ते लाल शाईतला वाटोळा ठसा ठरवतो, या श्रद्धेवर तीन पिढ्या जेवल्या. मग सरकारला आधुनिक व्हायची हुक्की आली. या अर्जावर शिक्का नको, त्या अर्जावर नको, असं करत करत त्यांनी तेत्सुजीचं गिऱ्हाईक पळवलं. आता तो दिवसभर दुकानात बसून कोरणीला धार लावतो. इतकी धारदार कोरणी अख्ख्या जिल्ह्यात नसेल. कोरायला काही नाही, एवढंच.

म्हणून नगरपालिकेच्या पर्यटन विभागातला सेनगोकु एका सकाळी दुकानात शिरला, तेव्हा तेत्सुजी चक्क उठून उभा राहिला.

"मोरिवाकी-सान, एक शिक्का हवा होता. इतोहा हागिवारा या नावाचा."

"कोण ही?"

सेनगोकुने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तेत्सुजीने समुद्र कुठल्या बाजूला आहे म्हणून विचारलं.

"अहो, इतोहा! ‘आभाळातली रिबीन’ मधली! दर शनिवारी संध्याकाळी सहाला तुम्ही करता तरी काय?"

शनिवारी संध्याकाळी सहाला अख्खं तोबिशिरो टीव्हीपुढे बसत होतं ते असं: इतोहा ही एका चित्रमालिकेतली सोळा वर्षांची मुलगी. डोळे बशीएवढे, अंबाडा कायम सुटलेला, हातात लांबलचक रिबीन. रिदमिक जिम्नॅस्टिक्स करते. पडते, रडते, परत उठते आणि रिबीन अशी फिरवते, की मागे सूर्य मावळायचा थांबतो. तिसऱ्या भागात ती एका बंदराच्या धक्क्यावर बसून रडली आणि तो धक्का हुबेहूब तोबिशिरोचा निघाला. आता सिमेंटच्या धक्क्याला काय चेहरा असतो? किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाचा धक्का तसाच दिसतो. पण पर्यटन विभागाने टीव्हीतला गंज आणि आपला गंज शेजारी ठेवून पाहिला, आणि गंज जुळला. ज्या विभागाला दहा वर्षांत बंदरावरचा संडास दुरुस्त करता आला नाही, त्या विभागाने इतोहाला तोबिशिरोची मानद रहिवासी करायचा ठराव एका दुपारीत पास केला. नगराध्यक्ष स्वतः तिला रहिवासी दाखला देणार. ती म्हणजे तिचा माणसाच्या उंचीचा, पुठ्ठ्याचा पुतळा.

"पुठ्ठ्याला शिक्का कशाला?" तेत्सुजीने विचारलं.

"गावची रहिवासी म्हटल्यावर शिक्का नको? शेजारची गावं काय म्हणतील, तोबिशिरोची मुलगी आणि शिक्क्याशिवाय फिरते?"

हे मात्र तेत्सुजीला पटलं. त्याने चांगलं जुनं लाकूड काढलं आणि जुन्या वळणाची अक्षरं घेऊन असा शिक्का कोरला, की जिवंत माणसासाठी उभ्या जन्मात कोरला नसेल. समारंभात नगराध्यक्षांनी तो पुठ्ठ्याच्या हाताला सेलोटेपने चिकटवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्याने पुठ्ठा आडवा झाला, तर बायका "अगं बाई!" म्हणत धावल्या; सुटून पडलेला शिक्का मात्र तेत्सुजीने उचलून खिशात टाकला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेत्सुजीला एक खरी मुलगीही आहे.

चिनामी सोळा वर्षांची. तीही रिदमिक जिम्नॅस्टिक्स करते. तिचे डोळे बशीएवढे नाहीत, माणसाचे असतात तेवढेच आहेत, आणि तिच्यामागे सूर्य थांबत नाही. पायाच्या बोटांना पट्ट्या गुंडाळून ती शाळेच्या जिममध्ये घाम गाळते, हे गावात कुणाच्या गावीही नव्हतं. त्या रात्री जेवताना तिने भाताला हात लावला नाही.

"काय झालं गं?" तिच्या आईने, सातोएने, विचारलं.

"क्लब बंद करतायत. नियम आहे, पाच सदस्य पाहिजेत. सांघिक प्रकारही पाच जणींचाच असतो. मासामी दुसऱ्या गावी गेली. आम्ही चारच उरलो. पाचवी नाही मिळाली तर जिम पिंगपाँगवाल्यांना."

"मग मिळवा एखादी."

"कुठून मिळवू, आई? अख्ख्या शाळेत मुली किती आहेत माहितेय का तुला? ज्या आहेत त्यांना विचारून झालं. एक म्हणाली, घाम येतो. एप्रिलात नवीन वर्ग येईल तेव्हा मिळेल कुणीतरी, पण तोवर क्लबच नसेल."

तेत्सुजीने सूपचा वाडगा खाली ठेवला. बापाला अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं, आणि बाप अशा वेळी जे बोलतो ते बहुतेक मूर्खपणाचंच असतं.

"ती इतोहा आहे की," तो म्हणाला. "गावची रहिवासी, वय सोळा. घाल तिचं नाव."

सातोए हसली. चिनामी हसली नाही. तिने बापाकडे एकटक पाहिलं आणि दप्तरातून अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला.

"पालकाचा शिक्का लागेल, बाबा."

"तो कुणाचा?"

"तुमचा. दुसरं कोण आहे तिला?"

खरंच, दुसरं कोण होतं? मालिकेत तिचा बाप समुद्रात बुडालाय आणि आई परदेशी. तेत्सुजीने हसत हसत इतोहाचा शिक्का मारला आणि त्याच्या शेजारी आपला. ठसे इतके सुरेख उमटले, की तो कागद बराच वेळ निरखत बसला. धंदेवाईक माणसाला आपल्या कामाचा मोह पडतो तो असा.

त्याला वाटलं होतं, शाळा अर्ज फेकून देईल. पण शाळेचे उपमुख्याध्यापक कुवाबारा हे नियमांचे माणूस. ते मुलांकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. त्यांनी तेत्सुजीला बोलावून घेतलं.

"मोरिवाकी-सान, ही मुलगी... म्हणजे..."

"हो," तेत्सुजी ओशाळून म्हणाला.

"दाखला नगराध्यक्षांच्या हातचा?"

"हो."

"शिक्का खरा?"

"शिक्का खरा नाही म्हणता?" तेत्सुजी तडकला. "मी कोरलाय!"

कुवाबारांनी नियमांची चोपडी उलटी-पालटी केली. सदस्य शाळेच्या हद्दीत राहणारा असावा, असं त्यात होतं. पालकाची संमती असावी, असं होतं. सदस्य अस्तित्वात असावा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिवाय ही मुलगी नाहीच असं म्हणायचं, तर नगराध्यक्षांनी पुठ्ठ्याला दाखला दिला असं म्हणावं लागणार. आणि तसं म्हणणाऱ्याची बदली डोंगरातल्या एखाद्या शाळेत होते. कुवाबारांनी घाम पुसून अर्ज मंजूर केला.

क्लब वाचला. चिनामीने घरी येऊन बापाला मिठी मारली. असलं काही त्या घरात आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे तेत्सुजी हात कुठे ठेवावेत ते न कळून खांबासारखा उभा राहिला.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले.

पहिल्या आल्या ओनुकी आजी. या आळी मंडळाच्या अध्यक्ष. आळीत त्यांना त्यांच्या नवऱ्याखेरीज सगळे घाबरतात, आणि नवरा वारलाय. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मोरिवाकी, तुमच्या घरात माणसं किती?"

"तीन."

"शाळेत तर तुम्ही घरातल्या चौथीचे पालक म्हणून शिक्का मारलाय. आळीला सांगायची पद्धत नाही?"

"आजी, ती पुठ्ठ्याची आहे."

"कशाची का असेना. घरात माणूस वाढलं की पाळी वाढते. कचऱ्याच्या ढिगावर कावळे अडवायची जाळी कोण टाकणार? या आठवड्यात तिची पाळी. आणि सांगा तिला, उजाडायच्या आत."

उजाडायच्या आत सातोए उठली, जाळी टाकून आली, परत आली आणि नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "तुमची मुलगी झोपलीय वाटतं अजून?"

तशात स्टेशनमास्तरने कटकट केली, स्टेशनात उभा केलेला पुठ्ठा वाऱ्याने उडून रुळांवर जातो. सेनगोकु तो टेम्पोत घालून थेट तेत्सुजीच्या दारात घेऊन आला. "पालक तुम्हीच ना? मग ती राहणार तुमच्याकडेच, मोरिवाकी-सान. काळजी घ्या, दमट हवेत तिचे कोपरे सुटतात." इतोहा दिवाणखान्यात उभी राहिली. तिची नजर अशी रंगवलेली, की कुठेही बसलं तरी ती बघतेच. तेत्सुजी अंघोळ करून टॉवेल गुंडाळून यायचा, तो लाजून भिंतीच्या कडेने जायला लागला. संध्याकाळी चिनामी तिला बगलेत मारून जिममध्ये नेई आणि पाचवीच्या जागी उभी करी. चौघी सांघिक प्रकारातल्या मोठ्या रिंगा फेकत, त्यातली एक रिंग फिरत फिरत इतोहाच्या डोक्यावरून थेट गळ्यात पडे. चिनामी म्हणायची, मासामीपेक्षा ही बरी पकडते.

इथवर ठीक होतं. पण मालिका थांबलेली नव्हती. दर शनिवारी नवा भाग, आणि त्या भागात इतोहा जे करील त्याला आता पालक होता.

पाचव्या भागात इतोहाने चिडून आपली रिबीन धक्क्यावरून समुद्रात भिरकावली. मागे सूर्य थांबला, वाद्यं वाजली, आळीतल्या बायकांनी डोळे पुसले. रविवारी सकाळी मच्छीमार संघाचे चेअरमन दारात हजर.

"मोरिवाकी-सान, हे बरं नाही. ती रिबीन जाळ्यात अडकली म्हणजे?"

"अहो, ती चित्रातली रिबीन आहे!"

"आणि समुद्र?"

"तोही चित्रातला."

"असं कसं? धक्का आपलाच म्हणून तर तुमच्या मुलीला दाखला मिळाला. धक्का आपला, तर त्याच्याखालचा समुद्र परका कसा?"

तेत्सुजी कमरेत वाकला. पद्धत म्हणजे पद्धत. दुपारी पुरणाच्या मिठाईचा डबा जांभळ्या कापडात बांधून तो संघाच्या कचेरीत गेला आणि आमच्या मुलीमुळे आपल्याला त्रास झाला, असं बोलून पुन्हा वाकला. चेअरमन म्हणाले, "वय आहे तिचं. पण आत्ताच आवर घाला." आणि तेत्सुजीच्या देखतच डबा फोडून खायला बसले. मिठाई इतकी आवडली, की पुढच्या शनिवारी ते टीव्हीपुढे अगदी डोळ्यांत तेल घालून बसले, मुलीने अजून समुद्राचं काही बिघडवलं का ते बघायला.

सहाव्या भागात ती प्रशिक्षकाला म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय हो?" निवृत्त शिक्षक संघटनेला मिठाईचा डबा. सातव्या भागात तिने देवळाच्या पायऱ्यांवर बसून भाजलेलं स्क्विड खाल्लं. पुजाऱ्याला डबा. आठव्या भागात ती गणितात नापास झाली आणि कुवाबारांनी तेत्सुजीला पालकसभेला बसवून घेतलं.

"एकाग्रता कमी पडतेय," ते गंभीरपणे म्हणाले. "घरी अभ्यासाला बसते का?"

"उभीच असते," तेत्सुजी म्हणाला.

"तिला खाली बसवा. घरातलं वातावरण महत्त्वाचं. तुम्ही तिच्याशी बोलता का, मोरिवाकी-सान? बापाने बोललं पाहिजे."

तेत्सुजीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "आणि आमच्या चिनामीचं?"

कुवाबारांनी घड्याळ पाहिलं. "ती ठीक आहे. वेळ संपली."

बापाच्या मनाला हे कुठेतरी लागलं. घरी येताना त्याने वाटेत बर्फाला लाथ मारली आणि बुटात बर्फ गेला. राग काढायलाही जागा नसते माणसाला. तेवढ्यात शेजारचा न्हावी फावडं टेकून म्हणाला, "तेत्सु, एक सांगू का? पोरीला तू फार धाकात ठेवतोस. बघ कशी सुकलीय. तिला स्वतःची खोली दे." आणि ओनुकी आजींनी दारासमोरच्या बर्फात काठीने रेघ ओढून ठेवलेली होती: इथून इथवर मोरिवाकींच्या चौथीने काढायचा. तेत्सुजीने आपला बर्फ काढला, मग चौथीचा काढला, आणि कंबर धरून आत आला, तर ती दिवाणखान्यात तशीच हसत उभी. सोळा वर्षांची धडधाकट मुलगी, हात वर करून!

"एक काडी इकडची तिकडे करत नाही ही!" तो ओरडला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. सातोए स्वयंपाकघरातून बघत होती. तेच वाईट होतं.

अकराव्या भागात आभाळ कोसळलं. इतोहाला टोकियोच्या एका बड्या क्लबने बोलावलं, आणि ती धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "मी जाणार." गावात रडारड झाली. तेत्सुजीच्या घरात मात्र कुणीच रडलं नाही. चिनामीने रिमोट दाबून टीव्ही बंद केला आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "ती गेली की आम्ही चारच."

सोमवारी कुवाबारांनी तेच सांगितलं. "मुलगी शाळा सोडणार असं अख्ख्या देशाने पाहिलंय. मी कसं नाही म्हणू? महिनाअखेरीस जिम पिंगपाँगला."

पण इथे तेत्सुजीला पहिल्यांदाच आपली ताकद सापडली. मानद रहिवाशाला गाव सोडायचं तर गाव सोडल्याचा अर्ज लागतो. तो अर्ज सेनगोकुने स्वतः तयार केलेला, आणि हौसेहौसेने त्यावर शिक्क्याला जागा ठेवलेली. शिक्का होता तेत्सुजीच्या खिशात. मालिकेतला तो बडा क्लब टोकियोच्या ज्या वॉर्डातला दिसतो, त्या वॉर्डाने इतोहाला दाखला द्यायचं ठरवून टाकलं होतं. पण तोबिशिरोतून तिचं नाव कमी झाल्याशिवाय त्यांना तिला घेता येईना.

"मारा ना शिक्का, मोरिवाकी-सान," सेनगोकु दुकानात येऊन रडकुंडीला आला. "टोकियोवाले दिवसातून दोनदा फोन करतात."

"नाही मारत."

"अहो, पण ती गेलीय!"

"कुठे गेलीय? आमच्या दिवाणखान्यात आहे. विचारा जाऊन."

झालं. दोन दिवसांत तेत्सुजी गावाचा वैरी झाला. काल ज्यांना मुलगी उनाड वाटत होती, त्यांना आज ती मुकी गाय वाटायला लागली. न्हाव्याने त्याचे अर्धे केस कापून कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "पोरीच्या गुणांचं मातेरं करणारा बाप तू." चेअरमननी मिठाई साभार परत पाठवली, म्हणजे रिकामा डबा. ओनुकी आजी दारात आल्याच नाहीत; रस्त्याच्या पलीकडूनच आळीला ऐकू जाईल असं बोलल्या, "काही लोकांना घरात फुकटची कामवाली लागते." कामवाली! त्या पुठ्ठ्याचा बर्फ काढून ज्याची कंबर धरली होती, त्याला हे ऐकावं लागलं.

शेवटी नगराध्यक्षांनी सभा बोलावली. विषय: इतोहाचं भवितव्य. एवढी माणसं मावतील अशी जागा गावात एकच, शाळेची जिम. आणि वेळ ठरली ती नेमकी क्लबच्या सरावाची.

"आमची वेळ आहे ती," चिनामी कुवाबारांना म्हणाली.

"गावाचा प्रश्न आहे गं."

"आमची वेळ आहे."

नियमांचा माणूस नियमातच सापडला. त्यांनी जिमच्या मधोमध दोरी बांधली: या बाजूला खुर्च्या आणि गाव, त्या बाजूला चार मुली. पुठ्ठा मात्र गावाने घेतला. इतोहाला व्यासपीठावर नगराध्यक्षांच्या शेजारी उभं केलं, तिच्या गळ्यात फुलं घातली आणि तिच्यापुढे चहाचा कपही ठेवला.

तेत्सुजी तीन संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात बसून भाषण पाठ करत होता. त्यात आपल्या मुलीच्या पायाच्या बोटांबद्दल एक वाक्य होतं, जे म्हणताना टबातही त्याने दोनदा तोंडावर पाणी मारलं होतं. आज हे सगळे ऐकतील. आज लाजेने माना खाली जातील. नगराध्यक्ष बोलले, चेअरमन बोलले, ओनुकी आजींनी पालकाची कर्तव्यं सांगितली. मग सेनगोकुने अर्ज आणि शाईची डबी टेबलावर ठेवली आणि सगळे तेत्सुजीकडे वळले. शिक्का सातोएच्या हातात देऊन तो उठला. बूट काढून ठेवायचे असल्यामुळे मोज्यांवरच होता.

"तोबिशिरोच्या नागरिकांनो," तो म्हणाला, "एक सोळा वर्षांची मुलगी..."

खण्ण! दोरीपलीकडून एक रिंग आली आणि नगराध्यक्षांच्या चहाचा कप घेऊन गेली.

चिनामी धावत आली, खोल वाकली, रिंग उचलली आणि परत गेली. "पुन्हा," ती मैत्रिणींना म्हणाली.

"एक सोळा वर्षांची मुलगी," तेत्सुजीने पुन्हा सुरुवात केली, "जिच्याकडे तुम्ही..."

या वेळी रिंग नगराध्यक्षांच्याच गळ्यात पडली. नेम चुकला असं म्हणता येणार नाही. पाचवी जिथे उभी राहायची त्या जागेवरून रिंग सरळ पुढे जात होती, आणि पुढे व्यासपीठ होतं.

"हे काय चाललंय?" नगराध्यक्ष गळ्यातली रिंग धरून गरजले.

"माफ करा," चिनामी वाकून म्हणाली. "पाचवीची जागा रिकामी आहे. तुम्ही तिला तिकडे बसवलंय." रिंग घेतली. "पुन्हा."

कुणी तिला थांब म्हणालं नाही. म्हणणार काय? चौघी परत जागेवर गेल्या. एकीच्या गुडघ्याला पट्टी होती. चौघींनी एकदम पाय वर नेले आणि उड्या घेतल्या, आणि खाली उतरल्या त्यांचा आवाज आला, धप्प, मांसाचा नि हाडांचा आवाज, जो टीव्हीत कधीच येत नाही. तेत्सुजीला पाठ केलेलं भाषण आठवेना. त्याला फक्त एवढं दिसलं, की रिंग हवेत चढली आहे आणि खाली कुणी नाही.

तो दोरी ओलांडून धावला. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, अर्धे केस कापलेला माणूस, कोट घालून, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. मधोमध उभं राहून त्याने डोळे घट्ट मिटले, हात वर केले, आणि रिंग त्याच्या हातात आली. हातात म्हणजे एक हात आतून आणि नाक बाहेरून, पण आली.

"सातोए!" तो डोळे न उघडता ओरडला. "लाव गं तो शिक्का! जाऊ दे तिला टोकियोला!"

सातोएने व्यासपीठावर जाऊन शिक्का असा हाणला, की टेबलाचा पाय हलला. कावळ्यांची जाळी, बर्फ, टॉवेल, सगळं त्या एका ठशात गेलं. सेनगोकुने अर्ज छातीशी धरला. गावाने सुटकेचा श्वास सोडला, आणि कुवाबारा खाकरून उभे राहिले.

"तर मग, इतोहा गेल्यामुळे सदस्य चार. नियमाप्रमाणे जिम महिनाअखेरीस पिंगपाँगला..."

"खाली बसा हो," ओनुकी आजी म्हणाल्या. त्यांची नजर दोरीपलीकडे होती. गेले कित्येक शनिवार त्या एकही भाग न चुकवता बघत होत्या आणि आता जिम्नॅस्टिक्समधल्या तज्ज्ञ झाल्या होत्या. अख्खं गाव झालं होतं. "त्या पट्टीवालीची उडी बघितलीत? इतोहाची चौथ्या भागातली होती तशीच. कुणाची गं तू?"

"तातेनोंची, आजी. तुमच्या मागच्या गल्लीत राहते."

"मागच्या गल्लीत! आणि मला कुणी सांगितलं नाही?" त्या कुवाबारांकडे वळल्या. "चार कुठे? पाच आहेत. हे काय, मोरिवाकी उभे आहेत."

"आजी, ते विद्यार्थी नाहीत. ते... ते पुरुष आहेत. सदस्याचं वय..."

"पुठ्ठ्याचं वय काय होतं?"

कुवाबारांनी व्यासपीठावरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर छापखान्याची तारीख होती, ऑक्टोबरातली. त्यांनी पुन्हा घाम पुसला.

"एप्रिलपर्यंत," ते हळूच म्हणाले. "नवीन मुली येईपर्यंत फक्त. आणि रोज सरावाला हजर पाहिजेत."

"रोज?" तेत्सुजीने डोळे उघडले.

"रोज," चिनामी म्हणाली. ती हसत होती की दम लागला होता ते त्याला कळलं नाही. "बाबा, हात जरा पुढे. आणि नाकाने नाही पकडायचं."

लोक उठून घरी जातील असं त्याला वाटलं होतं. पण खुर्च्या सरकवत सगळे दोरीला येऊन भिडले. न्हावी पुढे, चेअरमन त्याच्या शेजारी, आणि ओनुकी आजींनी तर दोरीच खाली केली. इतोहा व्यासपीठावर एकटीच राहिली, फुलं घालून, थंड चहासमोर. मुलींनी पाय वर नेले. तेत्सुजीने नाइलाजाने आपलाही नेला, जितका गेला तितका.

"गुडघा!" ओनुकी आजी गरजल्या. "मोरिवाकी, गुडघा सरळ! तुमच्या घरची मुलगी टोकियोला गेली, जरा तिची तरी लाज राखा!"

"अंगठा ताठ, तेत्सु, अंगठा!" न्हावी ओरडला.

"तिकडे बघू नका, बाबा," चिनामी म्हणाली आणि रिंग आभाळात भिरकावली. "आली!"